पट्टीखालची फट

"खोपोलीत पाणी दोन दिवस बंद!" डोळ्यांवर जाड काळी पट्टी बांधलेल्या छोट्या सुरभीनं मांडीवरच्या पेपरातली बातमी धडाधड वाचली आणि शाळेच्या व्हरांड्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. साजगावच्या कारखान्यांतली पहिली पाळी सुटली होती, अख्खी वाडी लोटली होती.

"मिडब्रेन! तिसरा डोळा!" तिला शिबिरात शिकवणारा, कोट चढवलेला योगेंद्र सर गरजला. "अल्फा लहरी खुलल्या की आंधळासुद्धा वाचतो!" अल्फा म्हणजे काय, हे त्याला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

दीप्तीबाईंचा हात मात्र टाळीला उठेना. त्यांच्या तिसरीतल्या कोंडीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गुरुवारी पनवेलला ऑपरेशन. उशीर केलात तर नजर कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि कोंडीचा बाप पांडू आत्ताच म्हणाला होता, "बाई, ऑपरेशन नाय करायचं. पोरीला सरांच्या शिबिरात घालतो."

"अहो पांडूभाऊ, असं पट्टी बांधून कोणी वाचतं का?"

"तुमीच पोरांना शिकवता ना, सोताच्या डोळ्यानं बघा, मंग माना? बघितलं की आमी!"

बाईंचाच धडा त्यांच्यावर उलटला होता. त्या वर्गात गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. खिडकीत पोरांची प्रश्नपेटी होती. बुटांचा खोका, त्यात भिंग, आरसा, चुंबक, कापूस. झाकणावर पोरांनीच लिहिलं होतं, 'एकच गोष्ट बदल, परत बघ.'

बाईंनी आपलीच ओढणी चार पदरी करून डोळ्यांवर आवळली. समोर अंधार. मान खाली घातली, तर नाकाच्या कडेनं चपलेचा अंगठा लख्ख दिसला! हात्तिच्या, एवढंच होय!

कापूस घेऊन त्या तरातरा बाहेर आल्या. "पट्टी तीच, पेपर तोच. फक्त नाकाजवळ कापूस लावू."

"शंका आली की लहरी तुटतात!" सर कडाडला.

"कापसाला कसली आलीय शंका?"

"लावू द्या सर," पांडू म्हणाला. "खरं हाय तर भ्यायचं कशाला?"

बाईंनी नाकाच्या दोन्ही बाजूंना, पट्टीच्या आत, कापसाचे बोळे हलकेच बसवले. सुरभीनं मान वर केली, खाली केली, तिरकी केली. शब्द फुटेना. मग ती रडायलाच लागली. "आता खालून दिसत नाय. सर म्हणले कुणाला सांगायचं नाय."

बाईंनी पट्टी सोडून तिला जवळ घेतलं. "रडू नको गं. शिकवणाऱ्याचं पाप, तुझं नाही."

तीच पट्टी, बिनकापसाची, पांडूनं स्वतः बांधली. पेपर मांडीवर घेतला आणि अडखळत वाचलं, "खोपोलीत... पाणी..." लोक हसले. "पांडूचा बी तिसरा डोळा उघडला रं!" तेवढ्यात योगेंद्र सर गाडीकडे सटकला.

पांडू हसला नाही. कोंडी त्याच्या गुडघ्याला टेकून उभी होती.

"बाबा, मला तर पट्टी न बांधताच दिसत नाय. मला फट कुठनं मिळनार होती?"

पांडूचा चेहरा पडला. "चुकलं गं माझं," तो पुटपुटला.

बाई सगळ्यांना म्हणाल्या, "बघा, जरूर बघा. पण एकदा बघून मान डोलवू नका. एक गोष्ट बदला आणि परत बघा. खऱ्याला त्याची भीती नसते."

पांडूनं खिशातला दवाखान्याचा चुरगळलेला कागद काढून मांडीवर सरळ केला.

"बाई," तो म्हणाला, "गुरुवारी किती वाजता पोचायचं, ते जरा वाचून सांगा."