शेवटच्या खुर्चीपर्यंत

तिसऱ्या हॉटेलात शिरल्याशिरल्या मास्तरांनी मान वर करून छताकडे पाहिलं, आणि ठमीच्या आईने कपाळाला हात लावला. कालपासून हे असंच चाललं होतं. पहिल्या हॉटेलात मास्तर म्हणाले, छत फार उंच आहे, त्याखाली माणसं बुटकी दिसतील. दुसऱ्या हॉटेलची तळ्याकाठची हिरवळ पाहून ठमी हरखून गेली, तर मास्तर म्हणाले, वाऱ्याने टेबलांवरची कापडं उडतील. वारा तेव्हा नव्हता. पण तो केव्हाही सुटू शकतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

लग्न ठमीचं. ठमी ही मास्तरांची एकुलती एक लेक. दाखल्यावरचं तिचं नाव निराळं होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. तिला आणि होणाऱ्या नवऱ्याला लग्न अशा गावी करायचं होतं, जिथे दोघांपैकी कुणाचंच घर नाही. म्हणजे कुणी कुणाकडे मुक्कामाला उतरणार नाही आणि रुसवेफुगवे हॉटेलच्या खोल्यांत परस्पर मिटतील. संध्याकाळी लग्न, दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा ब्रंच. नाश्त्याला उशीर आणि जेवणाची घाई झाली की त्याला ब्रंच म्हणतात, अशी त्याची व्याख्या ठमीच्या आत्याबाईंनी करून टाकली होती. जागा निवडायचं काम मुलाकडच्यांनी मोठ्या विश्वासाने मास्तरांवर सोपवलं. सगळी हयात प्राथमिक शाळेत गेलेला माणूस. कुणाला कुठे बसवायचं हे त्यांच्याहून जास्त कुणाला कळणार, असं व्याही म्हणाले होते.

छताचं आणि वाऱ्याचं खरं कारण मात्र मास्तरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचे कान चालले होते. एकदम गेले असते तर निदान गवगवा तरी झाला असता. ते जात होते एखाद्या भिडस्त पाहुण्यासारखे, कुणाच्या लक्षात येऊ न देता. आधी खिडकीतली पाखरं गेली. मग घड्याळाची टिकटिक गेली. मग माणसांच्या बोलण्यातली अक्षरं गळायला लागली. सुरुवातीला मास्तरांना वाटलं, हल्ली लोकच पुटपुटतात. बातम्या देणारी बाई पुटपुटते, वाणी पुटपुटतो, बायको तर मुद्दाम पुटपुटते. सगळं जग एकाच वेळी पुटपुटायला लागणं शक्य नाही, हे साधं गणित सुटायला गणिताच्या या माणसाला वर्ष गेलं. आणि सुटल्यावर त्यांनी उत्तर हाताने झाकून ठेवलं, शेजारच्याला दिसू नये म्हणून हुशार मुलं झाकतात तसं.

वर्गात पहिल्या दिवशी ते मुलांना सांगत, "ऐकू आलं नाही तर हात वर करायचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. न ऐकता मान डोलावणारा मुलगा मात्र मला खपायचा नाही." आता ते स्वतः दिवसभर मान डोलावत होते.

तेही निभावलं असतं. पण ठमीने जाहीर केलं होतं की ब्रंचच्या वेळी ती सगळ्यांसमोर उभी राहून वडिलांबद्दल बोलणार. काय बोलणार ते आधी सांगणार नाही. लिहूनही काढणार नाही, कारण कागदात बघून बोलायचं नाही हे तिला लहानपणी मास्तरांनीच बजावलं होतं. लेक एकदाच चार माणसांत आपल्याबद्दल बोलणार आणि आपण यजमान म्हणून शेवटच्या रांगेत बसून मान डोलावणार, या विचाराने मास्तरांची झोप उडाली होती. कान बदलता येत नाहीत. हॉल बदलता येतो. तेव्हा जिथे शेवटच्या खुर्चीपर्यंत ठमीचा शब्दन्‌शब्द पोचेल असा हॉल शोधायचा, आणि का शोधतोय ते कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"या, या. प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" तिसऱ्या हॉटेलचा मॅनेजर आत्याबाईंसमोर वाकून म्हणाला.

"ते आम्ही बघून ठरवू," आत्याबाई म्हणाल्या.

मॅनेजर जरा सावरून उभा राहिला. आत्याबाई मास्तरांची थोरली बहीण. त्यांना सोबत आणलं होतं ते घासाघीस करण्यासाठी. समोरचा काहीही बोलो, त्या तिसरंच उत्तर द्यायच्या आणि समोरच्याची विकेट पडायची. पहिल्या हॉटेलात कॉफी घेणार का असं विचारलं, तर त्या "एवढ्यात नाही, अजून दोन जागा बघायच्यात" म्हणाल्या होत्या, आणि तिथल्या बाईंनी घाबरून दर खाली आणला होता.

हा मॅनेजर मात्र वेगळ्या मातीचा होता. त्याला नाही म्हणायचं शिकवलेलंच नव्हतं.

"हॉलमध्ये पडदे निळे हवेत," ठमीची आई म्हणाली.

"होऊन जाईल."

"आणि ब्रंचला ऊन थेट अंगावर नको."

"होऊन जाईल."

"सूर्य हलवणार वाटतं," ठमी आईच्या कानाशी म्हणाली.

हॉल लांबरुंद होता. गुळगुळीत फरशी, तीन बाजूंना काचा. मास्तर थेट शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. हॉल तपासायची त्यांची रीत जुनी होती. नवा वर्ग मिळाला की आधी आपण शेवटच्या बाकावर बसायचं आणि एका पोराला फळ्यापाशी उभं करून पाढा म्हणायला लावायचं.

"ठमे, सतराचा," त्यांनी तिथून हाक दिली.

"बाबा, मी लग्न करतेय. परीक्षेला नाही बसत."

तिने काय म्हटलं ते मास्तरांना कळलं नाही, पण ती कुरकुरली एवढं तिच्या खांद्यांवरून कळलं. मग ती मंचावर चढली आणि हात मागे बांधून पाढा म्हणायला लागली. मास्तर डोळे किलकिले करून ऐकत होते. आणि काय नवल, या हॉलमध्ये सगळं येत होतं. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. प्रत्येक पायरीला त्यांची मान डोलत होती. आत्याबाईही शेजारी बसून त्याच तालात डोलत होत्या. मध्येच ठमी थांबली.

"छान," मास्तर म्हणाले. "सगळं ऐकू आलं."

ठमीची आई त्यांच्याकडे बघायचं सोडून पडद्यांकडे बघू लागली. ठमी मंचावरून त्यांना निरखत होती. ही नजर मास्तरांच्या ओळखीची होती, पण कुठली ते आठवेना.

"आता दुसरं काहीतरी बोल," ते म्हणाले. "मनाला येईल ते."

ठमी बोलली. चांगली दोन-तीन वाक्यं बोलली. काचांवर आपटून ती वाक्यं मास्तरांपर्यंत पोचली तेव्हा डब्यात खडे हलवावेत तसा नुसता खुळखुळाट उरला होता. मास्तर उठले.

"नको. इथे खांब फार आहेत."

हॉलमध्ये एकही खांब नव्हता. मॅनेजरने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"काढून टाकू साहेब," तो म्हणाला. "होऊन जाईल."

"अहो, तुम्हाला हे लग्न व्हायला हवंय की नाही, ते एकदा सांगून टाका," ठमीची आई म्हणाली. हे मात्र ती अगदी जवळ येऊन म्हणाली, त्यामुळे मास्तरांना चांगलंच ऐकू आलं. हात धुवायला कुठे जायचं, असं त्यांनी मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने हातवारे करत बरंच काही सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली आणि चालायला लागले.

बोळाच्या टोकाला होतं ते दार त्यांनी लोटलं, आत गेले, आणि दार मागे आपोआप बंद झालं. हात धुवायची जागा काही ती नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर घड्या घातलेल्या चादरी, टॉवेल, टेबलांवर अंथरायची पांढरी कापडं. कोपऱ्यात गालिच्यांच्या वळकट्या उभ्या, एका बाजूला उशांचा डोंगर. ताज्या इस्त्रीचा उबदार वास होता. मास्तर खाकरले. आपलं खाकरणं त्यांना स्वच्छ ऐकू आलं. बुटाची करकर ऐकू आली. त्यांनी मुद्दाम पुन्हा पाय हलवला. पुन्हा करकर.

"बाबा, तुम्ही उलट्या बाजूला आलात."

ठमी दारात उभी होती. हळू आवाजात बोलली होती, तरी एकही अक्षर गळलं नव्हतं. तिच्या आवाजाला थोडी सर्दीची झाक होती, तीसुद्धा त्यांना कळली. कितीतरी महिन्यांनी लेकीचा आवाज असा अख्खा भेटला होता.

"दार लाव," ते म्हणाले. "आणि बोल काहीतरी."

"काय बोलू? आई चिडलीय. आत्याने मॅनेजरला, घरचाच मुलगा असल्यासारखं, लग्न कधी करतोस म्हणून विचारलंय."

"ठरलं," मास्तर म्हणाले. "ब्रंच इथे करायचं."

"या हॉटेलात?"

"या खोलीत."

"बाबा, ही चादरींची खोली आहे."

"असू दे. मी याहून लहान खोलीत तीन इयत्ता बसवल्यात. फळ्यांना पाठ लावून बसतील पाहुणे. हातात बशी. स्वच्छता बघ किती आहे, बाहेरच्या हॉलमध्ये आहे का अशी? आणि सांडलंच काही, तर पुसायला हाताशी कापड."

ते अगदी मन लावून सांगत होते. ठमीला हसू आलं, आणि मग ते मावळलं. ती उशांच्या डोंगराला टेकून उभी राहिली.

"सतरा आठे किती, बाबा?"

"एकशे छत्तीस."

"मघाशी मी एकशे छप्पन्न म्हटलं. आई दचकली. तुम्ही म्हणालात, छान."

आता ती नजर मास्तरांना आठवली. शेजारच्याच्या पाटीवरचं उत्तर उतरवणाऱ्या पोराकडे ते स्वतः तसं बघायचे. पाढा त्यांनी ऐकलाच नव्हता. तो त्यांच्याच डोक्यात वाजत होता आणि मान त्याला डोलत होती.

"मुद्दाम चुकवलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. मला सतरा आठे कधी आलंच नाही. दर वेळी तिथे तुम्ही अडवायचात आणि सांगायचात, म्हणून पाठ करायची वेळच आली नाही. आज तुम्ही अडवलं नाही, मग मी पुढे कशी जाणार? म्हणून थांबले."

मास्तर एका टॉवेलची घडी उगाच नीट करत राहिले. ती आधीच नीट होती.

"तू त्या दिवशी जे बोलणार आहेस ना," ते शेवटी म्हणाले, "ते मला ऐकायचंय. एवढंच."

"म्हणून कालपासून छतं बघताय?"

त्यांनी मान डोलावली. या वेळी ऐकून.

"बाबा, तुमच्या वर्गात ज्याला कमी ऐकू येतं ते पोर कुठे बसायचं?"

"पहिल्या बाकावर."

"मग तुम्ही शेवटच्या खुर्चीवर का बसणार आहात?"

तीन हॉटेलं, एक तळं आणि नसलेले खांब ओलांडून ते इथवर आले होते. पण पुढची खुर्ची काही मास्तरांना सुचली नव्हती. पहिला बाक दुसऱ्या कुणासाठी असतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी इतक्या जणांना तिथे बसवलं होतं, की आपणही तिथे बसू शकतो हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दार उघडलं. ठमीची आई, आत्याबाई आणि मॅनेजर ओळीने उभे होते.

"काय चाललंय इथे?" ठमीची आई म्हणाली.

"बाबांना ही खोली आवडलीय," ठमी म्हणाली. "ब्रंचसाठी."

मॅनेजरने चादरींकडे पाहिलं, उशांकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"होऊन—" त्याने सुरुवात केली.

"नको नको," ठमी म्हणाली. "आवाज घुमणार नाही अशी, जाड पडदे आणि गालिचे असलेली एखादी लहान, बसक्या छताची जागा आहे का तुमच्याकडे? मोठी नको."

जागा होती. कुणी घेत नाही म्हणून मॅनेजर ती दाखवतच नव्हता. बघून ती पसंत पडल्यावर सगळे त्याच्या केबिनमध्ये बसले. बाहेर कॉफीचं यंत्र फसफसत होतं, कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. मॅनेजर संगणकाकडे तोंड करून भराभर सगळं सांगायला लागला. किती वाजता काय मांडणार, फुलं कुठे, गाणी कुठे. सवयीने मास्तरांची मान डोलू लागली, आणि मध्येच थांबली.

त्यांनी हात वर केला. कोपरात सरळ, बोटं जुळवून, जसा वर्गात करायला शिकवतात तसा.

मॅनेजरला वाटलं, ते वेटरला बोलावताहेत. तोही वळून वेटर शोधू लागला.

"मला ऐकू आलं नाही," मास्तर म्हणाले. "कमी ऐकू येतं मला. पुन्हा सांगा, माझ्याकडे तोंड करून. आणि सावकाश."

ठमीची आई नवऱ्याकडे बघत राहिली.

"आणि मी वर्षभर समजत होते, तुम्ही माझ्यावर कशाने तरी रुसलाय," ती म्हणाली. मग ती उठली, आपली खुर्ची उचलली आणि त्यांच्या डाव्या अंगाला होती ती उजव्या अंगाला आणून ठेवली. "हा कान जरा बरा आहे ना? झोपेत तुम्ही याच कुशीवर असलात की हाकेला ओ देत नाही."

मॅनेजरने संगणक बाजूला सारला आणि घसा साफ केला. आता पहिल्यापासून सगळं नीट सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाच्या पलीकडे आणखी एक हात वर गेला. बांगड्या खळकन कोपराकडे सरकल्या. आत्याबाई कुणाकडेही न बघता समोर भिंतीकडे बघत होत्या.

"तुला काय झालं, ताई?" मास्तरांनी विचारलं, आणि तिला दिसावं म्हणून त्यांनी आपलं तोंड तिच्याकडे वळवलं.

"मलाही सांगा म्हणावं," आत्याबाई म्हणाल्या. "काल पहिल्या हॉटेलात शिरलो, तिथपासून."