बदला

२००३ सालची गोष्ट. नाशकाच्या दवाखान्यात कॅन्सरपायी माझी एक छाती काढली, वर औषधाच्या सहा सलाइनी लिहून दिल्या. दोन सलाइनींतच डोक्याचं पार टरबूज झालं. भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "सुमनबाई, काय तेज आलंय गं तोंडावर!" खोटं बोलायला यांच्या बापाचं काय जातंय? मी ठरवूनच टाकलं, तिसरी सलाइन घ्यायची नाय.

डॉक्टरांनी प्रतिभा सिस्टरला धाडलं. पोरगी गुणाची, पण शहरात वाढलेली. टोमॅटो पिशवीतच पिकतो असं वाटणारी. फॉर्म घेऊन खाटेवर टेकली. "मावशी, स्वतःकडे बघून काय वाटतं? एका शब्दात सांगा."

"बदला," मी म्हटलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

झालं! पाच मिनिटांत माझ्या उशाजवळचा फळं कापायचा चाकू गायब. मोठे डॉक्टर चार हात लांब उभं राहून विचारतात, "कुणावर राग आहे का तुमचा?" शेजारच्या खुर्शीदाबीनं खाट सरकवून घेतली. मला धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येईना, आणि मी म्हणे खून पाडणार!

दुपारी आमचे मालक, सहादू, डबा घेऊन आले. सिस्टरनं त्यांनाच गाठलं. ते हसत सुटले. "अवं सिस्टर, टोमॅटो निवडताना डागी, वाकडा माल बाजूला काढतो ना, त्याला बदला म्हणतो आम्ही."

सिस्टरचं तोंड उतरलं. तिनं माझा हात धरला. "चुकलं मावशी. लिहून घेतलं, पण विचारलं नाही." मग लबाड पोरीनं मला सोडून मालकांनाच विचारलं, "काका, त्या बदल्याचं करता काय? फेकता?"

"फेकतो कशाला?" मालक डबा उघडत म्हणाले. "चांगला माल गाडीत बसून बाजारात जातो. घरी राहतो तो बदलाच. तीस वर्षं तोच खातोय, तोच गोड लागतोय." भाकरी मोडता मोडता थांबले. "हिला घरी न्यायचीय मला, सिस्टर."

तीस वर्षांत या माणसाच्या तोंडून एक कौतुकाचा शब्द नाय, आणि बोलला तो टोमॅटोवरून! मी हमसून हमसून रडले. लय दिवसांनी रडले.

दुसऱ्या दिवशी सलाइनसाठी हात पुढं केला. सिस्टरला शीर सापडेना. दोनदा टोचून झालं.

"आता तिसऱ्यांदा चुकलीस," मी म्हटलं, "तर फॉर्मवर लिहिलंस तेच खरं करीन. चाकू आण माझा."