कृष्णाजीरावांची गिटार

गिटार माझी, हौस माझी, आणि लाजही माझीच. सगळं नवऱ्यावर, अनयवर ढकलून मोकळं व्हायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

चेन्नईत अंबत्तूरला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्याच खोलीत कृष्णाजीरावांचं वर्कशॉप आहे. वडील तंजावरला वीणा करायचे. हे गिटारी करतात, तेही फणसाच्या लाकडाच्या. पहिल्यांदा गेले तेव्हा मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सुरुवात केली. त्यांनी गळ्यातले काळे मणी पाहिले आणि एकदम विचारलं, "तुम्ही मराठी काय?"

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं ते जुनं मराठी ऐकून मी थक्कच झाले. घराबाहेर हे बोलायला कुणी भेटत नाही, म्हणाले. मग माझा पंजा लाकडावर ठेवून गिटारीची मान किती जाड ठेवायची ते बघताना ते अखंड बोलत होते. शब्द अडला की तमिळ शब्द घालायचे आणि लहान मुलासारखे ओशाळं हसायचे.

गिटार झाली तेव्हा त्यांनी व्हॉट्सॲपवर आपल्या आवाजात निरोप पाठवला. "सावनी अम्मा, वाद्य सिद्ध झालं अहे. शनिवारीं येऊन घेऊन जावा. गाडींत उन्हांत ठेवूं नका हां, लेंकरूं अहे तें."

मी तो गाडीत लावला. अनय ओरगडमच्या कारखान्यात दिवसभर तमिळ ऐकून विटलेला असतो. तो पोट धरधरून हसला. "अगं, थेट पेशव्यांच्या दरबारातून निरोप आलाय!" मलाही हसू फुटलं. खोटं कशाला बोलू, मीच तो पुन्हा लावला. अनयने तो आमच्या चेन्नईतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला, वर 'शिवकालीन कस्टमर केअर' असं लिहून. मग काय, उधाणच आलं. एकाने नक्कल करून पाठवली. त्या नकलेला मीही एक हसरा चेहरा लावला.

ग्रुपातल्या कुणीतरी तो निरोप आपल्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवला. तिथली श्रीरंजनी नेमकी कृष्णाजीरावांची मुलगी निघाली. तिचा मला इंग्रजीत मेसेज आला. अप्पांनी सगळं ऐकलंय, नक्कलसुद्धा. गिटार तयार आहे, घेऊन जा. बस, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आपण काही वाईट मनाने नव्हतो हसलो," अनय म्हणाला.

"मग चल, त्यांच्यासमोर हस!" मी ओरडले. ओरडूनही माझी आग काही विझली नाही, कारण ती त्याच्यावर नव्हतीच.

शनिवारी दोघं गेलो. कृष्णाजीराव इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते.

"प्लीज चेक, मॅडम," ते म्हणाले.

गिटार सुरेख झाली होती. तिची मान माझ्या मुठीत अशी बसली की मला रडू यायला लागलं. मी तारा छेडल्या. एरवी मी आनंदाने नाचले असते, पण मान वर करायची हिंमत होईना.

"काका, आमचं चुकलं," मी म्हणाले. "आम्ही असं करायला नको होतं. मला फार लाज वाटतेय."

अनयही हात जोडून पुटपुटला, "मीच पाठवलं ते. माफ करा."

"नो प्रॉब्लेम, सर. नो प्रॉब्लेम, मॅडम." त्यांनी गिटार मऊ फडक्याने पुसून पेटीत ठेवली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी महालक्ष्मी आल्या. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काहीच कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. माझ्याकडे बघून तोंडभर हसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, पाहुण्यांस जेवायास बसवा कीं. डांगर पच्चडी केलों अहे."

कृष्णाजीरावांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. मग खाली बघत बायकोला हळूच सांगितलं, "अवंगळुक्कु टैम इल्लै."

त्यांना वेळ नाही. एवढं तमिळ मलाही येतं.

महालक्ष्मीबाई चक्रावल्याच. "असं काय बोलतां हो घरांत?" त्यांनी विचारलं.

ते पुन्हा तमिळमध्येच काहीतरी बोलले, आणि पेटी उचलून आमच्या गाडीपर्यंत घेऊन आले.