करड्या चौकोनातला निळा शर्ट

मला पाहायला कुणी येत नाही. माझ्या जागी जे यायचं असतं, ते पाहायला येतात. मी एक करडा चौकोन. वेबसाइटचं पान उघडलं की फोटो येण्याआधी जी रिकामी चौकट दिसते ना, तोच मी. फोटो येईपर्यंत जागा धरायची आणि तो आला की निमूट नाहीसं व्हायचं, एवढंच माझं काम. पान जिथे उघडेल तिथे मी नव्याने जन्मतो आणि बहुधा क्षणात संपतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

माझा जन्म एका इस्पितळासाठी झाला. नदीत प्रवासी लाँच उलटली होती. सापडलेली माणसं चेहऱ्यावरून ओळखू येण्यापलीकडे गेली होती, म्हणून त्यांच्या कपड्यांचे फोटो वेबसाइटवर टाकायचं ठरलं. पान बांधायचं काम एका मुलीकडे आलं. फोटो मोठे होते, टाका न् टाका दिसेल असे. सगळे एकदम मागवले की पान उघडता उघडेना, आणि व्हरांड्यात लोक फोन हातात धरून ताटकळत उभे. मुलगी मनाची हळवी. तिने जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या. पाहणारा खाली सरकत ज्या चौकोनाशी पोहोचेल, त्याचा फोटो तेव्हाच मागवायचा, बाकीच्यांनी तोवर थांबायचं. याला लेझी लोडिंग म्हणतात. नावात आळस असला तरी काम चोख होतं. पान झरझर उघडू लागलं.

मी होतो पानाच्या तळाशी. माझ्याखाली लिहिलं होतं: पुरुष, वय अंदाजे तीस, शर्ट निळा.

घात झाला तो छापताना. ज्यांच्याकडे तसले फोन नाहीत त्यांच्यासाठी पान छापून भिंतीवर लावा, असा हुकूम सुटला. चौकशीच्या खिडकीतल्या कारकुनाने पान उघडलं आणि खाली न जाताच छपाईचं बटण दाबलं. समोर रांग, मान वर करायला फुरसत नाही. वरचे फोटो आले होते, ते छापले गेले. खालच्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, म्हणून त्यांच्या जागी आम्हीच छापले गेलो. जन्मात पहिल्यांदा मी कागदावर आलो, आणि कागदावरून मला जाता येईना.

त्या भिंतीसमोर एक म्हातारा शिंपी रोज येऊ लागला. त्याचा मुलगा सुतार, लाँचने कामावर निघाला होता. घरातला एकुलता एक स्मार्टफोन त्याच्याबरोबरच पाण्यात गेला. मुलाचे शर्ट म्हातारा स्वतः शिवायचा आणि प्रत्येकाच्या खिशात पेन्सिलीसाठी एक अरुंद कप्पा घालायचा. चष्मा पुसून, नाक कागदाला लागेल इतकं जवळ नेऊन, तो प्रत्येक खिसा बघायचा. माझ्यापाशी आला की थबकायचा.

"साहेब, या निळ्या शर्टाचा फोटो कुठाय?"

"काढला नसेल, बाबा. असता तर छापून आला नसता का?" कारकून म्हणायचा. "वरच्यांत तुमचा नाही ना? मग बरंच आहे की."

"हो, तेही खरंच," असं म्हणून म्हातारा घरी जायचा.

कप्प्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. बोलला असता तर कुणीतरी आत जाऊन पाहिलं असतं, आणि तेच त्याला नको होतं. माझ्या कोरेपणावर तो दिवस काढत होता. मुदतीत कुणी ओळखलं नाही तर इस्पितळ सगळ्यांना एकत्र पुरून टाकणार, अशी सूचना माझ्या शेजारीच डकवली होती. मला माझाच राग येत होता. तोच शर्ट तेव्हा कितीतरी फोनांवर दिसत होता, अगदी कप्प्यासकट. पाहणारे पाहून पुढे जात होते. ओळखणारे डोळे तेवढे भिंतीसमोर उभे होते.

मुदत संपली. इस्पितळामागच्या जमिनीत एक लांब खड्डा खणला आणि बुजवला.

म्हाताऱ्याची लेक बाळंतीण होती, म्हणून तिला उशिरा कळवलं होतं. ती तान्हं पोर घेऊन आली आणि शिलाईच्या मशीनशेजारी बसून तिने फोनवर ते पान उघडलं.

"बाबा, इथे तर सगळ्यांचेच फोटो आहेत," म्हणत ती खाली सरकत गेली. मी तिच्या अंगठ्याखाली आलो. फोटोला हाक गेली. मी विरता विरता खिसा दिसला, कप्पा दिसला, कप्प्यात अडकून राहिलेली पेन्सिलही दिसली.

"थांब," म्हातारा म्हणाला. "हे मी शिवलंय."

त्या घरातला मी तिथेच संपलो. पुढचं भिंतीवरच्या माझ्यासमोर घडलं.

कारकुनाने पान पहिल्यांदाच तळापर्यंत नेलं. "बाबा, मला वाटलं..."

"मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं," म्हातारा म्हणाला. "कुठे ठेवलाय त्याला?"

कारकुनाने खिडकीतून मागच्या जमिनीकडे बोट दाखवलं. त्या लांब खड्ड्यात कोण कुठे आहे, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा त्याच शर्टाचं उरलेलं कापड घेऊन आला. माझ्या मापाचा तुकडा कापून त्याने तो माझ्यावर ठेवला, चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या, कडा सरळ आल्या का ते मागे सरून पाहिलं आणि निघून गेला. पुन्हा तो या भिंतीकडे आला नाही.

कारकुनाने नवे कागद छापले, या वेळी तळापर्यंत जाऊन. जुना कागद काढायला आला, पण कापडाला हात लावायचं त्याला धाडस झालं नाही. नवा त्याने शेजारी लावला. मी कापडाखाली आहे. माझ्या जागी जे यायचं होतं ते आलं, फार उशिरा आलं. तुम्हाला एवढंच सांगतो, रिकामी चौकट दिसली तर तिथे काहीच नाही असं धरून चालू नका. कुणीतरी एकदा तळापर्यंत जाऊन बघा.

नव्या कागदासमोर आता गर्दी असते. लोक येतात, खालच्या एखाद्या फोटोवर बोट ठेवतात आणि मागच्या जमिनीकडे कुठून जायचं ते विचारतात.