डिकीतलं वजन

नीलानं शिवणकामाची टेप पाचव्यांदा जमिनीवर अंथरली आणि टोकाला खडूनं रेघ मारली. साठ इंची टेप, पाच वेळा. झाले पंचवीस फूट, गाडीचे दिवे नीट लावायला भिंतीपासून लागतात तेवढे. समोर फकरोद्दीनभाईंच्या गोदामाची भिंत, मागं गाडी, आणि बॉनेटखाली कंबरेपर्यंत घुसलेला तिचा नवरा, गिरिधर.

“उद्या पहाटं अंधारात निघणार म्हणतीस,” तो आतूनच म्हणाला, “आन् दिवे बघ कुठं चाललेत. समोरच्याच्या डोळ्यात.”

“राहू द्या ना. हसनाबाद काय लांब आहे?”

“तरीबी.”

लांब नव्हतंच. बहिणीकडं दोन दिवस, असं तिनं त्याला सांगितलं होतं. खरं हे होतं, की तिथल्या मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवायची नोकरी तिनं धरली होती, राहायच्या खोलीसकट. मार्चमध्ये विषय काढला तेव्हा गिरिधर ‘कशाला?’ एवढंच म्हणून पेपरात शिरला होता. बावीस वर्षांत त्यानं आवाज चढवला नाही, आणि तिला कधी काही विचारलंही नाही. भांडायला तरी समोर माणूस लागतो. आज तो जालन्याला ऑफिसात असताना तिनं शिलाई मशीन, लोखंडी इस्त्री, गादी, कपड्यांचे दोन गठ्ठे डिकीत कोंबले होते.

दिवेलागण झाली तसं गिरिधरनं एका दिव्यावर पोतं टाकलं. दुसऱ्याचा उजेड, भिंतीवर दिव्याच्या उंचीला त्यानं खडूनं केलेल्या खुणेच्या चार बोटं वर जाऊन बसला.

“दिवाळीत मीच केल्ते बराबर. मंग वर कशानं गेले?”

“खड्ड्यांनी हलले असतील,” नीला पटकन म्हणाली. टेप ती बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

गोदामातून फकरोद्दीनभाई लुंगी सावरत बाहेर आले.

“भाभी, आमच्या भिंतीवर सिनेमा लावला काय? आन् आम्हालाच बोलावणं न्हाई!” मग त्यांनी गाडीकडं मान तिरकी करून बघितलं. “गिरिधरभाऊ, गाडी मागून बसलीय की. मागं ओझं झालं की बैलगाडी पुढून उचलते, उलाळ होते, तसं झालं हे. डिकी खाली करा अगोदर.”

“काही नाही हो डिकीत,” नीला म्हणाली. आवाज जरा उंचच लागला.

गिरिधर मागं गेला. किल्ली नीलाच्या मुठीत होती. त्यानं किल्ली मागितली नाही. ताप बघावा तसा डिकीवर तळवा ठेवला आणि ठेवूनच राहिला.

“हवा कमी असेल मागच्या चाकांत,” ती म्हणाली.

“असेल.”

तो पुढं आला. “न्हाई फकरोद्दीनभाई. ज्या वजनानं गाडी जाणारे, त्याच वजनावर दिवे लावायला पाहिजेत.”

“तुमची मर्जी,” म्हणत ते आत गेले.

दिव्यामागचा स्क्रू फिरत गेला तसा उजेड बोट बोट खाली उतरत खुणेवर टेकला. मग पोतं या दिव्यावर आणि दुसऱ्याची पाळी. आता विचारेल, आता विचारेल, म्हणून नीला उभीच होती. उत्तरं सगळी पाठ होती तिची.

“आत बस,” तो म्हणाला.

“मी?”

“चालवणार तूच ना? तुझंबी वजन धरावं लागतं.”

ती बसली. उजेड केसभर हलला. त्यानं अजून थोडा स्क्रू फिरवला आणि पायजम्याला हात पुसत खिडकीशी आला. बघत मात्र भिंतीकडंच होता.

“तिकडं सामान उतरवलंस की दिवे खाली लागतील. दोन्ही स्क्रू थोडे थोडे उलटे फिरव. मेकॅनिक शोधत बसू नको.”

नीलानं स्टिअरिंगवरचे हात काढले. दार उघडून ती उतरली.

“कुठला स्क्रू? दाखवा.”

तो वाकला, शेजारी ती वाकली. त्यानं बोटानं दाखवला.

“थांबा, मी फिरवते.”

भिंतीवरचा उजेड हळूहळू खुणेच्या वर चढला.

“जमलं,” गिरिधर म्हणाला. “आता आण परत खाली. उद्या भरलेलीच जायचीय.”