फॉस्फरसचा रकाना

विजयाबाईंनी पर्समधून घडी घातलेला मेणकागद काढला, काउंटरवर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. कागदाच्या एका कोपऱ्याला पिवळं काहीतरी चिकटून वाळलं होतं.

"बेटा, इसमें क्या आता है?"

काउंटरमागच्या मुलीने कागद उलटा करून पाहिला. "चीज़ बर्गर, आंटी. एक दूँ?"

"पहले बताओ, उसमें रहता क्या-क्या है."

"बन, टिक्की, चीज़ की स्लाइस, सॉस..."

"वैसा नहीं. कितना सोडियम, कितना क्या. लिखा हुआ रहता होगा ना तुम्हारे पास?"

मुलगी जरा गोंधळली. शनिवारची दुपार, मागे कॉलेजच्या पोरांची रांग. तिने खालच्या खणातून प्लास्टिकमध्ये मढवलेला एक तक्ता काढून दिला. विजयाबाई तो घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या आणि चष्मा लावला.

इंग्रजी त्यांना बेताचंच येत होतं. पण सहा वर्षं प्रत्येक पाकिटाची पाठ वाचून हे चार-सहा शब्द चेहरे ओळखावेत तसे ओळखीचे झाले होते. बोट फिरवत त्यांनी ओळ शोधली. ऊर्जा चारशे बारा. प्रथिनं चौदा ग्रॅम. चरबी एकोणीस. कर्बोदकं पंचेचाळीस. सोडियम नऊशे साठ मिलिग्रॅम. तिथे बोट थांबलं. त्यांच्या मुलाला, वरदला, दिवसभरात दोन हजारांच्या वर जाऊ द्यायचं नव्हतं; त्या स्वतः पंधराशेच्या आत ठेवत. पुढचा रकाना साखरेचा, आणि त्यानंतर तक्ता संपत होता.

त्या उठून पुन्हा काउंटरशी आल्या.

"फॉस्फरस नहीं लिखा इसमें. फॉस्फरस कितना रहता है?"

"वो क्या होता है, आंटी?"

मुलीने मागे वळून मॅनेजरला विचारलं. तो तळणीवरून नजर न हलवता म्हणाला, "जितना कंपनी ने लिखा है, उतना ही पता है."

वरद सव्वीस वर्षांचा होता. विसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. बाविसाव्या वर्षी विजयाबाईंनी आपली एक दिली. ती दोन वर्षं चार महिने चालली. आता पुन्हा मंगळवार, गुरुवार, शनिवार तो चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर पडून असे. या वेळी त्याची धाकटी बहीण निवेदिता किडनी देणार होती. गंगाधररावांना मधुमेह, त्यामुळे बापाची चालत नव्हती. निवेदिताच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं जुळलं होतं. वरदचं फॉस्फरस तेवढं खाली येत नव्हतं. ऑक्टोबरात सहा, डिसेंबरात सात, आता सात पूर्णांक आठ. हॉस्पिटलची कमिटी त्यावर अडून बसली होती. जो पेशंट पथ्य पाळत नाही त्याला दुसरी किडनी काय म्हणून द्यायची, असा त्यांचा सवाल होता.

विजयाबाईंनी सगळा दोष आपल्या हाताला दिला. आधी डाळ निम्मी केली. मग दूध बंद केलं, चहाही कोरा केला. बटाटे दोनदा उकळून दोन्ही पाणी फेकत होत्याच, आता तिसऱ्यांदा उकळू लागल्या. वरदची कॉलर गळ्याभोवती सैल झाली आणि आकडा मात्र वरच जात राहिला. आहारतज्ज्ञ निधी मॅडमनी समजावलं होतं, डाळीतलं फॉस्फरस अर्धंच अंगी लागतं. चीजच्या स्लाइसमध्ये, तयार बनमध्ये जे मिसळलेलं असतं ते जवळपास सगळं रक्तात जातं. "बाहर का तो कुछ नहीं खाता ना?" असं त्यांनी विचारलं तेव्हा विजयाबाईंना राग आला होता. आपला पोट्टा तसा नाही, असं त्या तोंडावर म्हणाल्या होत्या.

आणि बुधवारी, वरद डायलिसिसला जाताना नेतो त्या लहान उशीचा अभ्रा धुवायला काढला तर आत हा कागद. शनिवारी सकाळी वडील त्याला सोडून येत आणि परत तो एकटा रिक्षाने येई. आज विजयाबाई मुद्दाम सोबत आल्या होत्या. मशीनचा शेवटचा तास उरला तेव्हा, जरा जाऊन येते म्हणून निघाल्या, त्या थेट इथे. हॉस्पिटलपासून दुकान तीनशे पावलांवर होतं.

"एक दे दो," त्या मुलीला म्हणाल्या. "वैसाच."

कागद उलगडला तेव्हा वाफ चष्म्यावर आली. त्यांनी दोन्ही हातांनी धरून एक घास घेतला आणि त्यांचा जबडा थांबला. मीठ. जिभेच्या दोन्ही कडांना, टाळूला, घशापर्यंत मीठ. सहा वर्षं घरात एकच भाजी होत होती, वरदची. एका ताटात चव आणि दुसऱ्यात नाही असं नको म्हणून सगळ्यांनीच अळणी धरलं होतं. मीठ असं लागतं हे त्यांची जीभ विसरून गेली होती. वितळलेलं चीज बोटांवर ओघळलं. थांबायला हवं, हे त्यांना कळत होतं. त्यांच्याही पोटात एकच किडनी होती, आणि ब्लडप्रेशरची गोळी गेल्या वर्षी दुप्पट झाली होती. तरी त्यांनी पुरा संपवला. शेवटी कागदाला चिकटलेलं चीज बोटाने निपटून खाल्लं, आणि मग कोणी पाहिलं का म्हणून मान वर केली. कोणीच पाहत नव्हतं.

हात धुताना आरशात पाहणं त्यांनी टाळलं.

त्या परतल्या तेव्हा वरदच्या हातातल्या सुया काढून झाल्या होत्या. कापसाचा बोळा दहा मिनिटं दाबून धरायचा असतो. सिस्टर दुसऱ्या खाटेकडे गेली तशी विजयाबाईंनी त्याचं बोट बाजूला करून स्वतःचा अंगठा तिथे ठेवला. वरद डोळे मिटून पडला होता. नाकपुड्या हलल्या आणि त्याने डोळे उघडले.

"आई, कहाँ गई थी?"

"तुले माहीत आहे."

तो छताकडे पाहू लागला. मराठी त्याला पुरी कळत होती. उत्तर मात्र शाळेपासून हिंदीतच येई.

"कधीपासून खाऊन राहिला?"

"दिवाली के बाद से. शनिवार को. एक ही खाता हूँ."

"काहून?"

"भूख लगती है."

"खोटं नको बोलू माझ्याशी." त्यांचा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं. त्यांनी आवाज खाली आणला. "भूक लागली तर चिवडा आणला असता, काही पण करून दिलं असतं मी. हेच काहून? मॅडमनी तुह्यासमोर सांगितलं होतं यात काय असते ते."

"तूने वहाँ पूछा क्या, फॉस्फरस कितना है?"

"पूछा. लिहिलेलं नाही तिथे."

"मालूम है. मैंने भी पूछा था. फिर नेट पर देखा."

अंगठ्याखाली कापूस ओला झाल्यासारखा वाटला. त्यांनी उचलून पाहिलं नाही.

"म्हणजे तुले माहीत होतं."

"मालूम था, इसीलिए."

पलीकडच्या मशीनने शिटीसारखा आवाज काढला आणि सिस्टरने जाऊन तो बंद केला.

"दो-तीन रिपोर्ट ऐसे ही आ गए तो कमिटी छह महीने आगे कर देगी," वरद म्हणाला. हिशेब आधीच करून ठेवल्यासारखा तो सावकाश बोलत होता. "फिर और छह महीने. तब तक निवेदिता की शादी हो जाएगी. फिर उसके ससुराल वाले नहीं देने देंगे. किसी को मना भी नहीं करना पड़ेगा."

"ती स्वतःहून देऊन राहिली आहे. कोणी जबरदस्ती केली का तिच्यावर?"

"तूने भी स्वतःहून दी थी."

"मग? मले काय झालं?"

वरदने मान वळवून आईकडे पाहिलं. डायलिसिसनंतर त्याचे डोळे नेहमी खोल गेलेले असत. "तेरी रिपोर्ट मैंने देखी, आई. लोहे की अलमारी में, साड़ियों के नीचे. प्रोटीन जा रहा है पेशाब से. बाबा को भी नहीं बताया ना?"

विजयाबाईंनी पदर सारखा केला. "ते थोडंसं आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी नको."

"मेरा भी थोड़े से ही शुरू हुआ था."

रविवारी निवेदिता भिलाईहून आली. तिथे ती बँकेत होती. तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या दोन खोल्या ती आली की भरल्यासारख्या वाटत. तिने स्वतःच स्वतःचं वजन दोन किलो उतरवलं होतं, रोज सकाळी तलावाभोवती चार फेऱ्या मारत होती, हे ती बापाला कौतुकाने सांगत होती. जेवताना गंगाधररावांनी लोणच्याची बरणी तिच्यापुढे सरकवली तर तिने परत सारली.

"नको बाबा. मले तर आता मीठ नकोच वाटते. डॉक्टरने पाहिलं पाहिजे ना, कशी फर्स्ट क्लास किडनी आणली म्हणून."

ती हसली. वरद भाकरीचा तुकडा वरणात फिरवत राहिला. त्याने आईकडे पाहिलं नाही, आईने त्याच्याकडे.

दुपारी निवेदिता न्हाऊन आली आणि केस पुढे घेऊन पुसत पाठमोरी उभी राहिली. ओल्या गाऊनमधून बरगड्यांखालची कंबर दिसत होती, नितळ, कुठे रेघही नसलेली. विजयाबाईंच्या स्वतःच्या अंगावर त्या जागी वीतभर व्रण होता. थंडीत अजून ओढायचा. तो त्यांनी चार वर्षं दागिन्यासारखा मिरवला होता, पाहायला येणाऱ्या बायकांना पदर बाजूला करून दाखवला होता. त्यांनी टॉवेल घेतला आणि मुलीची पाठ पुसू लागल्या.

"अगं, मी काय लहान आहे का?" निवेदिता म्हणाली.

"उभी राह्य जरा."

सोमवारी अकराला निधी मॅडमनी बोलावलं होतं. वरद आणि विजयाबाई त्यांच्या टेबलासमोर बसले. मॅडमनी नवा रिपोर्ट उघडला, चष्मा कपाळावर सरकवला.

"सात दशमलव नौ. वरद, आज मुझे कमिटी को लिखकर भेजना है. सच बताना. बाहर का कुछ खाते हो?"

वरद रिपोर्टवरच्या आकड्याकडे पाहू लागला. नाही म्हणाला असता तर मॅडमनी गोळ्या वाढवल्या असत्या आणि कागद पुढे गेला असता. हो म्हणायचं त्याने शनिवारपासून ठरवलं होतं. आता आईच्या शेजारी बसून ते त्याला जमेना.

"खाता है," विजयाबाई म्हणाल्या. "बर्गर. चीज़वाला."

निधी मॅडम थांबल्या. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. उलट त्यांनी पेन खाली ठेवला. गेली सहा वर्षं त्या या बाईला पाहत होत्या. "देखिए, महीने में एक-दो बार हुआ होगा तो मैं संभाल लूँगी. लिख दूँगी कि समझा दिया है, आगे से नहीं होगा. ऑपरेशन नहीं रुकेगा. एक-दो बार ही ना?"

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"नहीं," विजयाबाई म्हणाल्या. "हफ्ते में तीन बार."

वरदने झटकन मान वर केली.

"तीन बार?" मॅडमनी विचारलं. "लाकर कौन देता है इसको?"

"मैं."

"आप?"

"माँगता है तो देती हूँ. मुझसे देखा नहीं जाता. आगे भी दूँगी."

निधी मॅडम त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पेन उचलला आणि लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. कागद फिरवून समोर ठेवला तेव्हा विजयाबाईंनी सही केली, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, एकेक अक्षर नीट काढून.

बाहेर व्हरांड्यात बाकावर वरद बसून राहिला. त्याचे खांदे हलत होते. विजयाबाई उभ्याच होत्या. एक हात त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवला होता. पर्समधला फोन वाजला. निवेदिता होती, बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत.

"काय झालं आई? काय म्हणाल्या मॅडम?"

"पुढच्या वेळी पाहू म्हणे. सध्या नाही होत."

पलीकडे कोणाचे तरी डबे उघडल्याचा आवाज येत होता.

"मग मी आता काय करू?"

"जेवून घे," विजयाबाई म्हणाल्या. "पोटभर जेव."