सामाईक पन्हळ

शिडीचे पाय जमिनीत नीट रुतलेत का, हे रंगरावांनी दोनदा दाबून पाहिलं. खुरपं कमरेच्या करगोट्यात खोचलं, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे न बघताच म्हणाले,

“गेल्या साली पन्हळ मीच काढलीय. वर खूण आसंल. दाखवतोच तुमाला.”

“दाखवा की,” शिडी दोन्ही हातांनी गच्च धरत त्यांची बायको द्वारकाबाई म्हणाल्या. “पण पडू नका. पडलात तर पाळी कुणाची व्हती, ते इचारायला कोण येत न्हाय.”

श्रद्धा थोडी बाजूला, पेरूच्या झाडाखाली उभी होती. ती खास याच कामासाठी रविवारी सकाळी हडपसरहून धायरीला आली होती. हातात मोबाइल होता आणि चेहऱ्यावर अशी काळजी, की जी बापाला दिसू नये म्हणून ती सारखी मोबाइलकडेच बघत होती.

“आण्णा, आपलं ठरलंय हां,” ती म्हणाली. “तुमचं खरं निघालं तर मी गुरुवारची अपॉइंटमेंट कॅन्सल करते. नाही निघालं तर तुम्ही गपचूप यायचं.”

“कर, कर. आत्ताच कर,” रंगराव म्हणाले आणि चढू लागले.

गुरुवारी सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे जायचं होतं. डॉक्टर डोक्याचे होते. म्हणजे वेड्यांचे नव्हेत, विसराळूपणाचे, असं श्रद्धाने तीन वेळा समजावून सांगितलं होतं, आणि तीन वेळा सांगावं लागलं म्हणून तिचाच धीर सुटला होता. कारण गेल्या महिन्यात रंगराव दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेले आणि दोन तासांनी तसाच भरलेला डबा घेऊन परत आले. मधले दोन तास कुठे होते, ते त्यांना सांगता येईना. गिरणी बंद होती म्हणाले. गिरणी उघडी होती.

त्या एका डब्यावरून आपल्याला लेकीच्या फ्लॅटमध्ये नेऊन नवव्या मजल्यावर बसवणार, हे रंगरावांनी ओळखलं होतं. म्हणून ते पन्हळीवर अडून बसले. मला पन्हळ पक्की आठवते, म्हणजे माझं डोकं ठीक आहे, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

ही पन्हळ म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत उठली. अंगण दोन झालं, विहिरीचे दिवस ठरले, आंब्याच्या फांद्यासुद्धा वाटल्या गेल्या. पण छपराला कोणी हात लावू शकलं नाही. थोरल्या बाबुरावांची कौलं इकडे उतरत होती, धाकट्या रंगरावांची तिकडे उतरत होती आणि दोन्हींचं पाणी मधल्या एकाच पन्हळीत पडत होतं. ती तुंबली तर दोघांच्याही स्वयंपाकघरात गळणार. पंचांनी डोकं खाजवलं आणि ठरवलं, की पन्हळ सामाईक. तिच्यातला गाळ एक साल थोरल्याने काढायचा, एक साल धाकट्याने. तोवर दोघं भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते, तेव्हा पाळी विसरली तर विचारायचं कोणी? त्यावर पंचांतल्या एका म्हाताऱ्याने तोड काढली. बोलू नका, पण काम झालं की खूण तरी करा. पन्हळीच्या टोकाला हातभर उंच गिलाव्याची भिंत आहे, तिच्यावर खुरप्याने रेघ ओढायची. थोरल्याची आडवी, धाकट्याची उभी.

चौदा वर्षं हे असं चाललं होतं. भाऊ बोलत नव्हते, रेघा बोलत होत्या.

यंदा मात्र गेल्या मंगळवारच्या पावसाने दोन्हीकडच्या चुली भिजवल्या. रंगराव म्हणाले, गेल्या साली मी काढली, यंदा दादाची पाळी, दादा गप का? द्वारकाबाई म्हणाल्या, “तुमी वर चढता तवा शिडी मी धरते. गेल्या साली मी शिडी धरलेली न्हाय.” रंगराव म्हणाले, धरली होतीस. द्वारकाबाई म्हणाल्या, नव्हती. आणि तिथून सगळं पेटलं.

रंगराव वर पोचले. कौलाच्या मधोमध पाय न देता, जिथे खाली वासा येतो तिथेच चवडा टेकत ते बसत बसत पुढे सरकले. गुडघे कुरकुरले, पण पाय वाट विसरले नव्हते. याचं त्यांना मनापासून बरं वाटलं. दळण विसरेल, पण कौलं विसरणार नाही माणूस.

उत्तरेकडच्या कौलांवर शेवाळ असं माजलं होतं, की खालचा तांबडा रंग फक्त कडेकडेला उरला होता. हात लावला तर ओलसर, गादीसारखं. पन्हळीत पिंपळाची पानं कुजून काळा लगदा झालेली, त्यात कावळ्याने आणून टाकलेलं हाडूक आणि एक लाल प्लास्टिकचं झाकण. पाणी हलत नव्हतं.

मग त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. दादाच्या बाजूच्या कौलांच्या खालच्या तीन ओळी घासून लख्ख झाल्या होत्या. चौथ्या ओळीत तीनच कौलं घासलेली, आणि तिथेच एक तारेचा ब्रश पडलेला. कोणीतरी कामाला लागलं होतं आणि अर्ध्यात सोडून उतरलं होतं. रंगरावांनी ब्रश उचलून पाहिला. मूठ चिंधीने गुंडाळलेली. दादाचाच. दादा काम अर्धं टाकणारा माणूस नव्हता.

“खूण दिसली का?” खालून श्रद्धाचा आवाज आला.

“जरा दम धर की. शेवाळाखाली हाय सगळं.”

ते श्वास घ्यायला थांबले आणि सहज मान वर केली. ओढ्यापलीकडची बारा मजली इमारत समोरच होती. बाल्कन्यांत कपडे, तुळशी, एका ठिकाणी पोपटाचा पिंजरा. ही इमारत ते रोज बघत होते. पण इथे बसून बघताना त्यांना काहीतरी जुळेना. कारण गेल्या साली पन्हळ काढताना ते इथेच, याच जागी बसले होते, आणि तेव्हा तिकडे तिसरा स्लॅब पडत होता. हे त्यांना लख्ख आठवत होतं. मिक्सरचा घरघराट, डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका, आणि एकीने खालून हात केला होता, म्हणून त्यांनीही खुरपं हलवलं होतं.

एका सालात नऊ मजले? आणि त्यावर पोपटसुद्धा?

होतं की हल्ली. हल्ली भराभर बांधतात. त्यांनी स्वतःला समजावलं आणि गिझर लावलेल्या, गंजाचे ओघळ उतरलेल्या त्या बाल्कन्यांकडे पुन्हा बघायचं टाळलं.

ते भिंतीपाशी सरकले आणि खुरप्याच्या पाठीने शेवाळ खरवडू लागले. हिरवी साल निघत गेली आणि खालून रेघा वर आल्या. आडवी, उभी. आडवी, उभी. मधे एका उभ्या रेघेशेजारी बारीक फुली होती. कौल फुटलं होतं त्या सालची, ती त्यांना आठवली आणि ओळखीचं कुणी भेटावं तसं बरं वाटलं. ते बोटाने मोजत पुढे गेले. अकरावी आडवी. बारावी उभी. तेरावी आडवी.

चौदावी, अगदी शेवटची, उभी.

रंगरावांना हसूच आलं. इतकं मोठ्याने, की खाली पेरूवरचा बुलबुल उडाला.

“शेवटची उभी हाय!” ते ओरडले. “बघा! गेल्या साली मीच!”

खालून श्रद्धा म्हणाली, “खरंच?” त्या एका शब्दात तिचा महिनाभर टांगणीला लागलेला जीव भांड्यात पडला. तिने मोबाइल वर केलेला त्यांना कौलांच्या कडेवरून दिसला. द्वारकाबाईंचा आवाज मात्र बारीक झाला होता.

“अगं बाई. मंग मीच इसरले म्हणायची. शिडी धरलेली मला कशी आठवंना?”

रंगराव त्या रेघेवर हात फिरवत होते. जिंकलेल्या माणसाने पदकावर फिरवावा तसा. आणि हात थांबला.

त्यांची उभी रेघ कधीच सरळ नसायची. उजव्या हाताने ओढायची तर ती वर उजवीकडे सुरू होऊन खाली डावीकडे यायची. दुसरी तशी, चौथी तशी, फुलीवाली सहावी तशी, दहावीही तशीच. ही चौदावी मात्र उलटी झुकली होती. वर डावीकडे, खाली उजवीकडे. त्यांनी बारावीकडे पाहिलं. तीही उलटी.

त्यांना कळेना. त्यांनी खुरपं उजव्या हातात धरून हवेत रेघ ओढून पाहिली. मग पुन्हा ओढून पाहिली. अशी रेघ त्यांच्या हातून येत नव्हती. अशी रेघ यायला खुरपं डाव्या हातात लागतं.

घरात डावखुरा एकच होता. लहानपणी जेवताना आबांनी टपल्या मारमारून दादाला उजव्या हातावर आणलं होतं, पण खुरपं डाव्यातच राहिलं. शेतात तण भांगलायला दोघं भाऊ शेजारच्या सऱ्यांत बसले की कोपराला कोपर लागायचं, आणि आई म्हणायची, या दोघांना बांधाच्या दोन टोकांना बसवा.

रंगरावांनी खुरपं खाली ठेवलं. गेल्या साली मे महिन्यात आपण दोघं नातवाच्या सुट्टीसाठी हडपसरला होतो, हे आता त्यांना आठवत होतं. परत आल्यावर पन्हळ वाहत होती, म्हणून तिचा विचारच डोक्यात आला नव्हता. त्याच्या आधीच्या पाळीचं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. तिसरा स्लॅब गेल्या सालचा नव्हता. तो दहाव्या रेघेचा होता.

आपण दोन पाळ्या विसरलो. आणि दादाने वर येऊन, एक शब्द न बोलता, त्या काढल्या. त्याला हवं असतं तर तो आडवी रेघ ओढून उतरला असता, आणि मग पंचांपुढे न्यायला त्याच्याकडे पुरावा राहिला असता. पण त्याने उभी ओढली. डाव्या हाताने, शक्य तितकी सरळ.

रंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात शेवाळाने माखले होते.

पलीकडच्या अंगणात खुर्ची करकरली. त्यांनी वाकून पाहिलं. बाबुराव बसले होते, उजव्या गुडघ्याला रुंद पट्टा, बाजूला भिंतीला टेकवलेली काठी. ते वर बघत नव्हते. समोर दाणे टिपणाऱ्या कोंबडीला ते म्हणाले,

“पन्हळीच्या तोंडापाशी दुसरं कौल सुटं हाय. टाच दिऊ नये माणसानं.”

चौदा वर्षांत हा आवाज त्यांच्या दिशेने आला नव्हता. रंगराव पन्हळीकडेच बघत म्हणाले,

“म्हायती हाय.”

म्हायती नव्हतं. त्यांनी टाच उचलून अलीकडे घेतली.

मग ते कामाला लागले. पानांचा लगदा ओंजळीने काढून पोत्यात भरला. पन्हळीच्या तोंडातली जाळी खुरप्याने मोकळी केली, तसं अडलेलं काळं पाणी आधी गुडगुडलं, मग एकदम सुटलं आणि पाइपातून खडखडत खाली ओढ्याकडे गेलं. ते त्याच दमात पलीकडे वळले आणि दादाचा ब्रश घेऊन चौथी ओळ जिथे सुटली होती तिथून पुढे घासत निघाले. उन्हाचे चटके बसू लागले तेव्हा श्रद्धाने दोनदा हाक मारली. त्यांनी दोनदा “आलोच” म्हटलं.

शेवटी ते भिंतीपाशी आले. यंदाची पाळी दादाची होती. त्यांनी खुरपं डाव्या हातात घेतलं. बोटं आवळत नव्हती, पातं घसरत होतं. तरी त्यांनी दात आवळून चौदाव्या रेघेशेजारी एक आडवी रेघ ओढली. लहान पोराने पाटीवर ओढावी तशी वाकडी आली. बघणाऱ्याला कळेल, असं त्यांना वाटलं, आणि कळू दे असंही वाटलं.

ते उतरले तेव्हा द्वारकाबाई अजून शिडी धरून उभ्या होत्या. डोळे कुठेतरी दूर लागले होते. गेल्या सालच्या त्या न सापडणाऱ्या दिवसात शोधत होत्या बहुतेक.

श्रद्धा हसत पुढे आली. “सॉरी, आण्णा. तुमचंच खरं निघालं. हे बघा, कॅन्सलच करतेय.”

“पण मला कसं आठवत न्हाय वो?” द्वारकाबाई म्हणाल्या. “दोन्ही हातानं धरते मी ही शिडी. मलाच दाखवायला न्या आता कुणाला तरी.”

रंगरावांनी बादलीतल्या पाण्यात हात घातले. नखांतलं शेवाळ निघता निघत नव्हतं. एक शब्द न बोलता ते असेच घरात गेले असते, तर त्यांचं घर, त्यांचं अंगण, त्यांचं डोकं, सगळं शाबूत राहणार होतं. रेघ तर त्यांच्याच बाजूने बोलत होती.

“तू न्हाय इसरलीस,” ते पाण्याकडे बघत म्हणाले. “तू शिडी धरलीच न्हवतीस.”

श्रद्धाचं बोट मोबाइलवर थांबलं. द्वारकाबाईंनी शिडी सोडली.

“गुरुवारी,” रंगराव म्हणाले, “किती वाजता निघायचं?”